आधी बेडी, मागून हार

चीनचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित मंडळींच्या चेहऱ्यावर एक विलक्षण आदर पसरतो. "काही म्हणा, राज्य करावे तर असे! पाऊणशे वर्षे उलटली, पण पक्ष जागचा हललेला नाही!" असे म्हणत ही मंडळी चकलीचा तुकडा मोडतात आणि हळूच पुस्ती जोडतात, "आपल्याकडेही थोडा धाक हवा." माझे भांडण आहे ते या पुस्तीशी.

चीनमध्ये १ ऑक्टोबर १९४९ रोजी साम्यवादी पक्षाचे राज्य सुरू झाले आणि ते अजून चालू आहे, हे मी कशाला नाकारू? रशियातल्या पक्षाची सत्ता ७४ वर्षांनी संपली. चीनच्या पक्षाने २०२३ साली तोही पल्ला ओलांडला. १९८९ साली तिआनानमेन चौकाच्या परिसरात निःशस्त्र लोकांवर सैन्य आणि रणगाडे घातले, तेव्हा "आता हे राज्य कोसळते" असे भाकीत करणारे ज्योतिषी खोटे ठरले. त्यांच्या पंगतीला बसण्याची मला हौस नाही. मी विचारतो ते एवढेच, की हे राज्य टिकले कशाच्या बळावर आणि त्या टिकण्याचे मोल कोणी दिले?

१९५८ साली माओंनी 'मोठी झेप' घ्यायचे ठरविले. शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक झाल्या, घरोघरच्या चुली विझून सार्वजनिक भटारखाने आले, आणि पोलादासाठी लोकांची भांडीकुंडी परसातल्या भट्ट्यांत गेली. वरच्यांना खूश करण्यासाठी खालच्या अधिकाऱ्यांनी पिकांचे आकडे फुगविले आणि सरकारने त्या फुगविलेल्या आकड्यांच्या हिशेबाने धान्य उचलून नेले. कागदावर कोठारे भरली, खेड्यांतल्या कणग्या मात्र रिकाम्या झाल्या. १९५९ साली लूशान येथे संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओंना पत्र लिहून, अदबीनेच, हे नजरेस आणले. त्यांचे पद गेले. संरक्षणमंत्र्याची ही गत, तर तालुक्याचा अधिकारी कशाला तोंड उघडील? दुष्काळ १९६१ पर्यंत चालला. किती माणसे मेली? अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

राज्य पडले का? नाही. आमची मंडळी याला मजबुती म्हणतात. मी म्हणतो, मेलेल्यांना मत नव्हते आणि जगलेल्यांनाही नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. स्वतंत्र वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात असा महादुष्काळ पडत नाही, असे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे. आपल्याकडील नित्याच्या अर्धपोटीपणाबद्दल त्यांनी आपलेही कान उपटले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण ते कान जाहीरपणे उपटता येतात, हाच तर फरक!

मग चीन सावरला कसा? थोडी गंमत इथेच आहे. १९७८ साली आन्हुई प्रांतातल्या शिआओगांग या दरिद्री खेड्यातील अठरा शेतकरी गुपचूप जमले. सामुदायिक शेती आपापसांत वाटून कसायची, असा करार त्यांनी लिहिला व त्यावर अंगठे उठविले. आपल्यापैकी कोणी तुरुंगात गेले, तर त्याची पोरे अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, हेही त्यात लिहिले! पुढल्याच हंगामात धान्य कितीतरी पटींनी वाढले. पक्षाने शहाणपणाने आधी काणाडोळा केला आणि नंतर तेच आपले धोरण म्हणून मिरविले. ज्या राज्याच्या कणखरपणाचे आपण गोडवे गातो, ते अठरा शेतकऱ्यांच्या आज्ञाभंगाने तरले आहे, धाकाने नव्हे.

या राज्याची रीतच अशी आहे. खरे बोलणाऱ्याला आधी बेडी आणि मागून हार. पेंग १९७४ साली कैदेतच वारले; १९७८ साली पक्षाने त्यांना निर्दोष ठरविले. डिसेंबर २०१९ मध्ये वूहानचे डॉक्टर ली वेनलिआंग यांनी आपल्या सहकाऱ्यांना नव्या रोगाबद्दल सावध केले. पोलिसांनी त्यांना बोलावून अफवा पसरवल्याच्या समजपत्रावर सही घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच रोगाने ते गेले आणि एप्रिलमध्ये सरकारने त्यांना हुतात्मा म्हणून गौरविले. २०२२ च्या नोव्हेंबरात टाळेबंदीला विटलेली तरुण मुले हाती कोरा कागद धरून रस्त्यावर आली. काही लिहायचीच सोय नाही, हे कोऱ्या कागदाखेरीज कशाने सांगावे? त्यांतल्या कित्येकांना पकडले, आणि डिसेंबरात टाळेबंदीही उठविली. म्हणजे शहाणपण येते. पण ते शिकविणाऱ्याला शिक्षा झाल्यानंतर.

शिवाय किल्ल्यांचा प्रश्न उरतोच. घरचा कर्ता पुरुष म्हातारा झाला आणि किल्ल्या कोणाकडे द्यायच्या हे सांगेना, तर त्या घरात काय चालते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची १९६९ साली बंदिवासात मेले. त्याच वर्षी लिन बिआओ यांना पक्षाच्या घटनेत नाव घालून वारस नेमले, आणि दोनच वर्षांनी विमान कोसळून मंगोलियात त्यांचाही अंत झाला. यातून धडा घेऊन १९८२ च्या घटनेने अध्यक्षाला सलग दोनच मुदती ठरवून दिल्या. मार्च २०१८ मध्ये ती अट काढून टाकली. बाजूने मते २,९५८, विरुद्ध २! त्या दोन मतदारांची मला राहून राहून काळजी वाटते. २०२३ साली शी जिनपिंग तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले. त्यांच्यामागे कोण, हे विचारण्याची तिथे सोय नाही.

आणि "थोडा धाक" आपणही चाखला आहे. १९७५ साली आणीबाणी आली, तेव्हा गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूश झालेली मंडळी इथेही होती. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी तिचा निषेध केला आणि पुढे त्यांना तुरुंगवास घडला. पण १९७७ च्या मार्चमध्ये तुम्हीआम्ही, अंगठा उठविणाऱ्यांनीसुद्धा, मतपत्रिकेवर शिक्का मारून ते सरकार घरी बसविले. सरकार पडले, देश जागच्या जागी राहिला. आपल्याकडे सरकारे वरचेवर पडतात, याची लाज वाटण्याचे कारण नाही. चूक करणाऱ्याला काढता येते, म्हणूनच चूक दुरुस्त होण्यासाठी कोट्यवधी माणसे मरावी लागत नाहीत. ज्यांना टिकाऊपणाचेच कौतुक आहे, त्यांनी ते अवश्य करावे; फक्त त्याचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते, तेवढे आधी विचारून घ्यावे.