आकड्यांनी इशारा दिला होता!

विमान कोसळले की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येते : विमानप्रवास हाच सर्वांत सुरक्षित प्रवास आहे. वाक्य खरे आहे. पण खऱ्या वाक्याचीही ढाल करता येते. बोइंग ७३७ मॅक्सच्या प्रकरणात नेमके तेच घडले.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियाच्या लायन एअरचे मॅक्स विमान जाकार्ताहून उडाल्यावर काही मिनिटांतच जावाच्या समुद्रात कोसळले. १८९ जीव गेले. विमानाचा कप्तान भारतीय होता. ब्लॅक बॉक्सने दोष उघड केला. हवेच्या प्रवाहाशी विमान किती कलले आहे हे मोजणाऱ्या एकाच संवेदकावर विसंबून 'एमकॅस' ही संगणकीय यंत्रणा विमानाचे नाक वारंवार खाली दाबत होती.

त्यानंतर डिसेंबर २०१८मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने गणित मांडले. दोष कायम राहिल्यास या विमानांच्या संपूर्ण सेवाकाळात आणखी सुमारे १५ प्राणघातक अपघात होऊ शकतील, असे उत्तर आले. तरीही विमाने उडतच राहिली! वैमानिकांना तातडीची सूचना दिली आहे, कंपनी दुरुस्ती करीत आहे, तोवर एवढे पुरे, असा प्रशासनाचा हिशेब होता. प्रवाशांना या गणिताचा पत्ताच नव्हता. अमेरिकी संसदीय समितीपुढे ते उघड झाले डिसेंबर २०१९मध्ये.

तोपर्यंत १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे मॅक्स कोसळून १५७ जण मृत्युमुखी पडले होते. चीनने दुसऱ्याच दिवशी मॅक्स विमाने थांबवली, १२ मार्चच्या रात्री भारतानेही तसा निर्णय घेतला. अमेरिकी प्रशासन मात्र त्याच दिवशी 'बंदीला आधार नाही' असे सांगत होते! उपग्रहाने टिपलेल्या दोन्ही उड्डाणमार्गांतील साम्य पुढे आल्यावर १३ मार्चला त्यांना जाग आली.

'दोन अपघातांवरून निष्कर्ष कसा काढायचा?' असे काही पंडित विचारतात. प्रश्न वरवर शास्त्रीय वाटतो. परंतु मे २०१७मध्ये सेवेत आलेल्या, चारशेहूनही कमी विमानांच्या ताफ्यात पाच महिन्यांत दोन अपघात होतात, तेव्हा साऱ्या जगाच्या विमानप्रवासाची सरासरी सांगणे ही दिशाभूल ठरते. अपघात किती वेळा होईल हे संख्याशास्त्र सांगते, तो का होतो हे अवशेषांचा आणि नोंदींचा तपास सांगतो. दोन्ही साक्षी जुळल्यावरही तिसऱ्या पुराव्याची वाट पाहणे म्हणजे प्रवाशांच्या जिवावर प्रयोग करणे होय.

म्हणूनच आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही धोक्याचे असे अंदाज निर्णयाबरोबरच जनतेपुढे ठेवले पाहिजेत. तिकीट काढणाऱ्याला धोका जाणण्याचा अधिकार आहे. कपाटात बंद केलेले गणित कोणाचेही प्राण वाचवत नाही. बैल गेल्यावर झोपा बांधणाऱ्यांना सुरक्षेचे रक्षक म्हणायचे कशासाठी?