बाळाला आईचा आवाज पुरे

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात काय, मुलुंड-बोरिवलीच्या वस्त्यांत काय, गरोदर सुनेच्या पोटावर हल्ली हेडफोन दिसू लागला आहे. एका घरी आम्ही गेलो तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "रोज अर्धा तास गर्भसंस्काराचे संगीत ऐकवते. बाळ हुशार होणार!" सुनेचा सातवा महिना होता. हिमोग्लोबिन ८, म्हणजे गरोदरपणात निदान ११ हवे त्यापेक्षा बरेच कमी. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून गोळ्या बंद होत्या. गर्भसंस्काराच्या वर्गाची फी मात्र हप्त्याने भरणे चालू होते.

त्या सुनेला आम्ही दोष देत नाही. आपल्या बाळाचे भले व्हावे असे कोणत्या आईला वाटत नाही? दोष आहे तो या आशेचा धंदा करणाऱ्यांचा.

पोटातल्या बाळाला ऐकू येते, हे खरे आहे. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ते आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. पण त्याच्या कानावर सर्वात जास्त पडतो तो आईचाच आवाज. आई बोलते तेव्हा तो आवाज तिच्या शरीरातूनही बाळापर्यंत पोचतो. बाहेरचे आवाज गर्भजलातून जाताना दबून जातात. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या तान्ह्या बाळांवर प्रयोग केला. बाळ चोखणी कशा लयीत चोखते त्यावरून त्याला कोणता आवाज ऐकू यायचा ते ठरत असे. बाळांनी परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकण्यासाठी चोखण्याची लय बदलली. म्हणजे आईची ओळख बाळ बऱ्याच अंशी पोटातूनच घेऊन येते. त्यासाठी कोणत्याही वर्गाला जावे लागत नाही.

मग संगीताने मूल हुशार होते, हे कुठून आले? १९९३ साली ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्ट या युरोपीय संगीतकाराचे संगीत ऐकवले गेले. त्यानंतर आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. बाळे त्या प्रयोगात नव्हतीच. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले. शिकलेल्या माणसांचीही अशी फसगत होते. आपल्याकडे मोझार्टच्या जागी मंत्र आले, इतकाच फरक.

आणि पुरावा म्हणून काय सांगतात, तर अभिमन्यूची गोष्ट. त्या गोष्टीतही सुभद्रेला झोप लागली म्हणून मुलाची विद्या अर्धी राहिली! दोष शेवटी आईच्याच माथी. उद्या मूल अभ्यासात मागे पडले तर हीच सासू म्हणेल, "तू नीट ऐकवले नाहीस." आमचा साधा प्रश्न आहे. बुद्धी जर पोटातल्या संस्काराने ठरत असेल, तर ज्यांच्या आया खडी फोडत होत्या, झाडू मारत होत्या, त्या घरांतून डॉक्टर, वकील, प्राध्यापक कसे निघाले? ते शाळेने आणि पोटभर अन्नाने निघाले. हुशारी जन्माआधीच ठरते, हे ऐकून घेण्याची आपल्याला तरी गरज नाही. पिढ्यानपिढ्या आपल्याला तेच सांगितले गेले आहे.

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी कायदा झाला. आज आपल्या घरात नवव्या महिन्यापर्यंत नळावरचे हंडे कोण उचलते, हे ज्याने त्याने बघावे.

सूनबाईला गाणे आवडत असेल तर जरूर ऐकावे. मन शांत राहते, झोप लागते, तिला बरे वाटते, हे काय कमी आहे? पण हेडफोन कानाला, पोटाला नाही. बाळाला तिथून उठून जाता येत नाही. आणि आपल्या जयंतीचा डीजे? भावांनो, राग मानू नका. नियमाप्रमाणे राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. भिंतीसारखे रचलेले स्पीकर किती पुढे जातात ते छातीत धडधडते तेव्हाच कळते. गल्लीत बाळंतीण असेल तर गाडी पुढे घ्या, आवाज उतरवा.

बाळ घरी आल्यावर टीव्ही-मोबाईलवर गाणी लावून त्याला समोर ठेवू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. बाळ भाषा शिकते ते तोंडाकडे बघून. त्याने "आ" केले की आपण "आ" करायचे, थांबायचे, पुन्हा त्याची वाट बघायची. मोबाईल थांबत नाही. नामकरणाला आपण म्हणतो तो भीमाचा पाळणा एका दिवसापुरता का ठेवावा? आजीला जात्यावरच्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या येत असतील तर तिच्या मांडीवर बाळ द्या. सूर चुकला तरी बाळ तक्रार करत नाही. बापानेही गावे, लाज कसली?

एक गोष्ट मात्र चुकवू नका. बाळाला ऐकू येते का, हे तपासून घ्या. बाळ झोपलेले असताना कानात छोटी नळी ठेवून होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते, दुखत नाही. ती पहिल्या महिन्यात व्हावी, दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. प्रसूतीच्या रुग्णालयातून सुटी मिळताना आपणहून विचारा. कावीळ जास्त झाली, बाळ वजनाने फार कमी होते, काचेच्या पेटीत राहिले किंवा नात्यात लग्न आहे, तर हट्टच धरा. दाराचा धाडकन आवाज होऊनही बाळ दचकत नसेल, सहा महिन्यांनंतरही हाकेकडे वळत नसेल, तर "आमच्यात उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवणाची तपासणी होते. श्रवणयंत्रासाठी आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मदत मिळते, त्याचीही चौकशी तिथेच करा. जाताना बाळाचा जन्मदाखला, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि प्रसूतीचे कागद सोबत ठेवा.