तेल, कात्री आणि माझी दोन वर्षं

परवा न्हाव्याने मागचा आरसा दाखवला आणि म्हणाला, "साहेब, एकदा चकोट करून टाका, दाट येतील." आई हेच म्हणते, ऑफिसातला टीम लीडही हेच म्हणतो. मी स्वतः इंजिनियर, तरी दोन वर्षं असंच काहीबाही ऐकत काढली.

जरा डोकं वापरू (आतून!). त्वचेबाहेरचा केस मेलेला असतो. वर वस्तरा फिरला हे मुळाला कळतच नाही. नवे केस राठ लागतात, कारण त्यांची टोकं बोथट असतात. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, कापा नाहीतर नका कापू. खोबरेलाने केस कमी तुटतात हे खरं, पण टकलावर नवीन उगवत नाहीत. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे. आणि टकलाचं खापर एकट्या आजोबांवर, म्हणजे आईच्या वडिलांवर, फोडू नका. जनुकं दोन्हीकडून येतात.

मग माझं चुकलं कुठे? पुरुषांच्या टकलात मुळं हळूहळू बारीक होत जातात. औषधं आहेत, पण ती गेलेलं आणण्यापेक्षा असलेलं टिकवायला जास्त कामाची. मी तेवढा वेळ तेल चोळत बसलो. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "आधी यायला हवं होतं."

असो. रविवारी आईकडून तेल अजूनही लावून घेतो. केसांसाठी नाही, पण हे तिला सांगायची माझी टाप नाही.