आरोग्यविचार : वर्दी देणाऱ्या पेशी

दंडावर लस टोंचल्यानंतर दोनचार दिवसांनीं कधीं कधीं काखेंत अवधाण येतें. टोंचलें दंडावर आणि सूज काखेंत, हें कसें, असा प्रश्न घरांतील सुज्ञ मंडळीस पडल्यावांचून राहत नाहीं. याचें उत्तर आपल्या शरीरांतील एका विलक्षण पेशीच्या चरित्रांत आहे.

इ. स. १८६८ मध्यें बर्लिन येथें पॉल लँगरहान्स नांवाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानें सुवर्णक्षारानें रंगविलेल्या कातडीच्या कापांत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या, व त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असें मानिलें. पुढें १९७३ मध्यें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांस उंदराच्या प्लीहेंत शाखायुक्त पेशी आढळल्या. 'वृक्ष' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनीं त्यांस 'डेन्ड्रिटिक' हें नांव दिलें. आपण शाखापेशी म्हणूं. लँगरहान्सच्या पेशी मज्जातंतूंच्या नसून रोगप्रतिकाराच्याच कामीं नेमलेल्या आहेत, हें मागाहून सिद्ध झालें.

शाखापेशींचें मुख्य काम लढण्याचें नव्हे, वर्दी देण्याचें. कातडी, श्वासमार्ग, आंतडें अशा वेशींवर त्यांचा पहारा असतो. जंतु शिरला कीं त्यास गिळून त्या त्याचे तुकडे करितात आणि लसिकावाहिन्यांतून जवळच्या ग्रंथींत जाऊन ते तुकडे टी-पेशींस दाखवितात. ज्या टी-पेशीस तो तुकडा ओळखतां येतो ती जागी होते व तिच्या सहस्रावधि होतात. या लगबगीनें ग्रंथि फुगते. तेंच आपलें अवधाण.

वर्दीबरोबर धोक्याची खूण नसेल, तर मात्र हीच पेशी टी-पेशींस शांत राहण्यास शिकविते. अन्नावर किंवा स्वतःच्याच अवयवांवर शरीर तुटून पडत नाहीं, याचें बरेंचसें श्रेय या शिकवणीस आहे. तेव्हां 'प्रतिकारशक्ति वाढविणारीं' म्हणून जीं औषधें विकलीं जातात, त्यांच्या जाहिराती वाचतांना ध्यानांत ठेवावें कीं, केवळ शक्ति नव्हे, तर तारतम्य हें आरोग्याचें लक्षण होय.

स्टाइनमन यांस २००७ मध्यें स्वादुपिंडाचा कर्करोग जडला. इतर उपचारांबरोबर त्यांनीं स्वतःच्या शाखापेशींपासून केलेली लसहि घेतली. ३० सप्टेंबर २०११ रोजीं ते निवर्तले. ही वार्ता निवडसमितीस ठाऊक नव्हती. ३ ऑक्टोबरला त्यांस नोबेल पारितोषिक जाहीर झालें. मृतास तें देऊं नये असा नियम असतांहि तें कायम राखण्यांत आलें. निदानानंतर ते सुमारें साडेचार वर्षें जगले. परंतु तीं वर्षें लसीनेंच दिलीं, असें एका रोग्यावरून म्हणतां येत नाहीं. याच तत्त्वावरील प्रोस्टेट कर्करोगाच्या ज्या उपचारास २०१० मध्यें अमेरिकेंत मान्यता मिळाली, त्यानें मुख्य चाचणींत रोग्यांचें आयुष्य सरासरीनें सुमारें चार महिने वाढलें. घरांत असें दुखणें असतां कोणी याच पेशींच्या नांवें खात्रीचा गुण कबूल करूं लागला, तर पैसा मोजण्यापूर्वीं कर्करोगाच्या तज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि लसीनंतरचें अवधाण बहुधा आपोआप ओसरतें. तें आठवड्यांमागून आठवडे टिकलें किंवा वाढत चाललें, तर मात्र डॉक्टरांस दाखवावें.