आटे गेले म्हणून ब्लॉक मोडींत काढूं नये

हल्लीं पुष्कळ बागायतदारांच्या दारांत ट्रॅक्टर उभा असतो व कित्येकांकडे मोटारही असते. या यंत्रांच्या मोठ्या बिघाडांची चर्चा गांवोगांव होते; परंतु एका क्षुल्लक दिसणाऱ्या बिघाडापायीं शेतकऱ्याचा पैसा व हंगाम दोन्ही व्यर्थ जातात, तिकडे कोणाचें लक्ष नाहीं. इंजिनाच्या ब्लॉकमधील बोल्टाच्या भोंकांतले आटे जाणें हा तो बिघाड होय.

कांहीं वर्षांपूर्वीं, पेरणीच्या तोंडावर, माझ्या ट्रॅक्टरचें हेड बसवितांना एक बोल्ट एकाएकीं मोकळा फिरूं लागला. मिस्त्रीनें भोंक वेल्डिंगनें भरून पुन्हां आटे पाडण्याचा सल्ला दिला व मीं तो मानला. बीड एकाच जागीं तापून झटकन् निवलें म्हणजे तेथें तें कांचेसारखें कठीण व ठिसूळ होतें, हें मला ठाऊक नव्हतें. भोंकापासून निघालेली चीर पाण्याच्या पोकळीपर्यंत गेली. ब्लॉक गेला, आणि ट्रॅक्टर दारांत उभा असतां वाफसाही गेला. दोष जितका मिस्त्रीचा, तितकाच न विचारतां मान डोलविणाऱ्या माझा.

वास्तविक या दुखण्यावर खात्रीचा इलाज आहे. भोंक ठरलेल्या मापाच्या ड्रिलनें किंचित् मोठें करावयाचें, त्यांत खास टॅपनें नवे आटे पाडावयाचे, आणि त्या आट्यांत न गंजणाऱ्या पोलादी तारेचें वेटोळें फिरवून बसवावयाचें. वेटोळ्याच्या आंतील बाजूस मूळ मापाचेच आटे असल्यामुळें पूर्वीच्याच मापाचा बोल्ट त्यांत चालतो. १० मिलिमीटर जाडीच्या व १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या बोल्टासाठीं सुमारें १०.४ मिलिमीटरचें ड्रिल लागतें. नेमकें माप संचाबरोबर दिलेलें असतें. वेटोळें ब्लॉकच्या पृष्ठभागाखालीं पाव ते अर्धा वेढा राहावें, व बसविण्यासाठीं ठेवलेलें त्याचें शेपूट शेवटीं मोडून बाहेर काढावें. जेथें ताण फार, तेथें तारेऐवजीं आंतबाहेर आटे असलेलें घन पोलादी बूश घालणें कित्येक कारागीर पसंत करतात.

हें ठिगळ आहे असें कोणी समजूं नये. विमानांच्या अॅल्युमिनियमच्या भागांत अशीं वेटोळीं नवेपणींच घालतात. कारण मऊ धातूच्या आट्यांपेक्षां तीं अधिक टिकतात. मात्र काम नेटकें झालें पाहिजे. ड्रिल तिरकें गेलें कीं बोल्टही तिरका बसतो. म्हणून तें हातानें अंदाजानें न चालवितां मार्गदर्शक ठोकळा लावून सरळ चालवावें. भोंकाच्या तळाखालीं बहुधा पाण्याची पोकळी असते. तेव्हां खोलीची खूण ड्रिलवर आधींच करावी. बिडाचा चुरा सिलिंडरांत किंवा तेलाच्या वाटेंत जाऊं नये म्हणून तीं तोंडें फडक्यानें बंद करावीं. भोंकाभोंवतीं चीर पडलेली असेल, तर मात्र या उपायानें भागणार नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

परंतु इलाजापेक्षां पथ्य बरें. बोल्ट पोलादाचा, ब्लॉक बिडाचा वा अॅल्युमिनियमचा. झुंजींत मऊ धातूच हरावयाचा. म्हणूनच बिडांत बोल्ट आपल्या जाडीच्या दीडपट व अॅल्युमिनियममध्यें दुप्पट खोल गेलेला असावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. आपल्याकडे पान्याला नळी लावून अंगच्या जोरावर बोल्ट आवळणें हेंच कौशल्य समजलें जातें. खरें कौशल्य यंत्राच्या पुस्तिकेंतील आंकड्याप्रमाणें टॉर्क पान्यानें आवळण्यांत आहे. बोल्ट आधीं हातानें फिरवून पाहावा. अडला तर जोर न करतां काढून पुन्हां लावावा. भोंकांत तेल किंवा पाणी सांचलेलें असल्यास तें काढून टाकावें. नाहीं तर बोल्ट उतरतांना तें दाबलें जाऊन ब्लॉक फुटण्याचें भय असतें.

आतां आमची सूचना. प्रत्येक शेतकऱ्यानें हा संच विकत घेणें परवडणारें नाहीं व त्याची गरजही नाहीं. परंतु गांवच्या सोसायटीनें नेहमींच्या चार-पांच मापांचे संच व एक चांगला टॉर्क पाना ठेवून एका होतकरू तरुणास हें काम शिकविलें, तर तो खर्च एका नव्या ब्लॉकच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं. फवारणीचा पंप आपण वांटून वापरतों, मळणीयंत्र वांटून वापरतों. मग हें कां नाहीं? नांगराचा फाळ झिजला म्हणून नांगर कोणी चुलींत घालीत नाहीं. इंजिनालाही तोच न्याय लावावा, एवढेंच मागणें आहे.