विश्लेषण: ‘इंजिन गेलंय’ हा निकाल मोजमापाशिवाय का मान्य करू नये? जुन्या चिनी स्कूटरचे उदाहरण काय सांगते?

सकाळी थंड इंजिन सुरू करायला दहा-बारा किक लागतात. चढावर स्कूटर दम टाकते. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. दुकानदार एक नजर टाकतो आणि निकाल देतो, ‘इंजिन गेलंय, यात पैसे घालू नका.’ अमेरिकेत जुनी चिनी बनावटीची 50 किंवा 150 सीसी स्कूटर घेणाऱ्यांना हा संवाद चांगलाच परिचयाचा आहे. असे ग्राहक बहुतेकदा मोटार परवडत नाही म्हणून स्कूटरकडे वळलेले असतात. त्यात विद्यार्थी असतात, उपाहारगृहात रात्रपाळी करणारे असतात. तिकडे शिकायला गेलेल्या एखाद्या मराठी मुलानेही अशीच स्कूटर घेतलेली असू शकते. त्यांच्यासाठी ‘इंजिन गेलंय’ याचा अर्थ उद्यापासून कामावर जायचे कसे, असा असतो. म्हणूनच हा निकाल कशाच्या आधारे दिला, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

हे इंजिन नेमके कोणते?

चिनी स्कूटर वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, पण त्यांतील बहुतेकांत ‘जीवाय-सिक्स’ घराण्याचे इंजिन असते. मूळ रचना होंडाची. पुढे तैवान आणि चीनमधील अनेक कारखान्यांनी ती उचलली. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, पंख्याच्या हवेने थंड होणारे इंजिन आणि पट्ट्यावर चालणारा स्वयंचलित गिअर अशी ही साधी मांडणी आहे.

क्रँककेसवर कोरलेला संकेतांक बरेच काही सांगतो. ‘139क्यूएमबी’मधील पहिला अंक सिलिंडरची संख्या दाखवतो आणि पुढचे दोन अंक बोअरचा व्यास मिलिमीटरमध्ये. बोअर 39 मिमी आणि स्ट्रोक 41.4 मिमी म्हणजे सुमारे 49.5 सीसी. ‘157क्यूएमजे’मध्ये बोअर 57.4 मिमी आणि स्ट्रोक 57.8 मिमी, म्हणजे सुमारे 150 सीसी. स्कूटरवरच्या नावापेक्षा हा संकेतांक महत्त्वाचा, कारण सुटे भाग त्यावरूनच मिळतात.

दुकाने हात लावायला का तयार नसतात?

अमेरिकेतील अनेक दुकाने चिनी स्कूटर दुरुस्तीला घेतच नाहीत. त्यामागचे गणित सरळ आहे. तिथे मजुरी तासावर मोजली जाते आणि काही तासांची मजुरीच जुन्या स्कूटरच्या किमतीएवढी होते. शिवाय भागांचा दर्जा एकसारखा नसतो. केलेले काम महिन्याभरात परत आले तर नुकसान दुकानाचे. त्यांची अडचण खरी आहे.

पण ‘दुरुस्ती आम्हाला परवडत नाही’ आणि ‘इंजिन संपले आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले विधान दुकानाच्या हिशेबाचे, दुसरे यंत्राच्या अवस्थेचे. ग्राहकाला पहिले कारण दुसऱ्याच्या नावाने सांगितले जाते, आणि दोन तासांत बरी होणारी स्कूटर भंगारात जाते.

इंजिन चांगले असूनही ‘गेल्या’सारखे का वाटते?

इंजिनाची ताकद कमी झाली असे वाटण्यामागे अनेक स्वस्त कारणे असतात. इंजिनाचा आवाज चढतो पण स्कूटर वेग घेत नसेल, तर आधी पट्टा, रोलर आणि क्लच पाहावा. झिजलेला पट्टा वेग खातो आणि दोष मात्र इंजिनावर येतो. कार्बोरेटर आणि सिलिंडर हेडमधल्या रबरी जोडाला चीर गेली, तर जास्तीची हवा शिरते. मग इंजिन आयडलला वर-खाली करते आणि तापते.

सर्वात जास्त फसवतो तो टॅपेट. चालून चालून व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये थोडा आत जातो आणि रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यातली फट कमी होते. फट पूर्ण संपली की व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही. कॉम्प्रेशन त्यातून निसटते आणि स्कूटर सुरू व्हायला त्रास देते. लक्षणे हुबेहूब झिजलेल्या इंजिनाची, उपाय मात्र फिलर गेज आणि अर्ध्या तासाचे काम. या इंजिनांत ही फट 0.1 मिमीच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमी ठेवतात. ती इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावी लागते. टॅपेट न तपासता ‘इंजिन उघडावे लागेल’ असे सांगणाऱ्याला तिथेच थांबवायला हवे.

कॉम्प्रेशन चाचणी काय सांगते?

टॅपेट बरोबर केल्यावर पुढचा प्रश्न कॉम्प्रेशनचा. प्लग काढून त्या जागी दाबमापक लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरायचा आणि काटा स्थिर होईपर्यंत स्टार्टर फिरवायचा. ॲक्सिलरेटर बंद ठेवून चाचणी घेतली, तर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही आणि चांगल्या इंजिनाचाही आकडा खोटा पडतो. योग्य आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. ढोबळमानाने 100 पीएसआयच्या बराच खाली काटा थांबत असेल तर शंकेला जागा आहे.

दुसरी पायरी सोपी, पण बऱ्याचदा गाळली जाते. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. आकडा ठळकपणे वाढला, तर तेलाने रिंगांभोवतीची गळती तात्पुरती बुजवली, म्हणजे झीज रिंगा, पिस्टन किंवा बोअरची. आकडा जागचा हलला नाही, तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर.

खात्री हवी असेल तर पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत ठेवून प्लगच्या भोकातून हवेचा दाब द्यावा आणि कान लावावा. कार्बोरेटरमधून सुसाट आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा. एक बोल्टही न उघडता दोषाचा पत्ता लागतो.

धूर पाहून निदान करता येते का?

काही अंशी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पण तो केव्हा येतो हे पाहिले पाहिजे. रात्रभर उभी स्कूटर सकाळी सुरू करताना एकदाच भपका आला आणि नंतर थांबला, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झाले असण्याची शक्यता जास्त. जोर देताना धूर सतत वाढत असेल तर रिंगांकडे बोट जाते. काळा धूर हा पेट्रोल जास्त जात असल्याचा इशारा, त्याचा झिजेशी थेट संबंध नाही. रंगावरून फक्त अंदाज बांधता येतो, निकालासाठी आकडा लागतो.

इंजिन उघडल्यावर काय मोजायचे?

निदान सिलिंडरवर येऊन थांबले, तर या इंजिनाचे वरचे काम, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’, तुलनेने सोपे आहे. हेड आणि सिलिंडर चार लांब स्टडवर बसलेले असतात. सिलिंडर निघाल्यावर बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजतात. बोअर वर रुंद झाला असेल किंवा अंडाकृती झाला असेल, तर नव्या रिंगा घालून उपयोग नाही. गोल रिंग वेड्यावाकड्या बोअरला कधीच घट्ट बसत नाही. ‘फक्त रिंगा बदलून देतो’ हे स्वस्त आश्वासन इथेच महाग पडते.

रिंगेची फट मोजण्यासाठी रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलतात आणि टोकांमधले अंतर फिलर गेजने पाहतात. नव्या रिंगेत हे अंतर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतके असते.

त्याच वेळी कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून पाहावा. खालच्या बेअरिंगमध्ये उभा खुळखुळाट जाणवला, तर प्रकरण ‘फुल इंजिन’चे. संपूर्ण क्रँककेस उघडावी लागते आणि खर्चाचे गणित बदलते. रॉड आडवा थोडा सरकणे मात्र स्वाभाविक आहे. दोन्हींतला फरक माहीत नसल्याने चांगले क्रँकही बाद होतात.

सुटे भाग घेताना फसगत कुठे होते?

सिलिंडर, पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट असा संच 50 सीसी इंजिनासाठी साधारण शंभर डॉलरच्या आत मिळतो. स्वस्ताईमुळे घाई होते. 139क्यूएमबीच्या हेडमध्ये 64 मिमी आणि 69 मिमी अशा दोन लांबीचे व्हॉल्व्ह येतात. चुकीचे हेड मागवले की रॉकर बसत नाही. पट्ट्याची लांबीही लहान आणि लांब केसप्रमाणे वेगळी असते. जुना भाग हातात घेऊन मोजल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

दुसरा मोह मोठ्या बोअरचा. 39 ऐवजी 47 मिमीचा संच घातला की तेच इंजिन सुमारे 72 सीसीचे होते. पण अमेरिकेतील अनेक राज्यांत 50 सीसीपर्यंतच्या वाहनांना परवाना आणि नोंदणीचे नियम सौम्य आहेत. बोअर वाढवला की स्कूटर त्या सवलतीबाहेर जाते. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

जोडताना कोणत्या चुका महागात पडतात?

पिस्टनवरची खूण योग्य दिशेला हवी. तीन रिंगांची तोंडे एका रेषेत न ठेवता एकमेकांपासून दूर ठेवायची. पिनच्या लॉक नव्याच घालायच्या. जुनी लॉक निसटली तर नवा बोअर ओरखडून काढते. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण जुळवून मगच टायमिंग चेन चढवायची आणि प्लग लावण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे. कुठे अडले तर जोर लावू नये, आधी टायमिंग पुन्हा पाहावे. हेडच्या नट टॉर्क पान्यानेच, आडव्या क्रमाने आवळायच्या.

मात्र सर्वात मोठी चूक जोडणीच्या आधीच होते. पहिले इंजिन का झिजले, हे कुणी विचारत नाही. या इंजिनात ऑइल एक लिटरपेक्षाही कमी असते आणि ते गाळायला कागदी फिल्टर नसतो, फक्त धातूची जाळी असते. ऑइल वेळेवर बदलले नाही, हवेचा फिल्टर फाटला किंवा पंख्याची हवा सिलिंडरकडे वळवणारे प्लास्टिकचे आवरण तुटून पडले, तर झीज ठरलेलीच. ही कारणे तशीच ठेवून बसवलेला नवा सिलिंडरही त्याच वाटेने जातो. कामानंतर पहिले ऑइल थोड्याच अंतरावर बदलावे आणि टॅपेट पुन्हा तपासावेत.

मग दुरुस्ती केव्हा करू नये?

फ्रेमला तडा असेल, कागदपत्रे अपुरी असतील, क्रँक खुळखुळत असेल किंवा ब्रेक आणि टायरसह सगळेच बदलायला आले असेल, तर ती स्कूटर सोडून देणेच शहाणपणाचे. स्वस्त यंत्राची भावनिक पाठराखण करण्यात अर्थ नाही. पण हा निर्णय मोजमापानंतर घ्यायला हवा. दाबमापक आणि फिलर गेज यांचा खर्च नव्या स्कूटरच्या तुलनेत किरकोळ आहे.

महाराष्ट्रातील वाहनधारकाने यातून काय घ्यावे?

आपल्या रस्त्यांवर चिनी पेट्रोल स्कूटर क्वचितच दिसतात. पण 2001 मध्ये आलेल्या ॲक्टिव्हापासून घरोघरी पोहोचलेल्या स्कूटरही एका सिलिंडरच्या, पंख्याने थंड होणाऱ्या आणि पट्ट्यावर चालणाऱ्याच. आकडे मॉडेलनुसार बदलतील, तपासणीचा क्रम तोच राहील: टॅपेट, कॉम्प्रेशन, तेल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन, आणि मगच पाना.

पुणे असो वा नागपूर, जुनी स्कूटर ‘ऑइल पिते, इंजिन काम निघालंय’ असे गॅरेजमध्ये ऐकल्यावर बहुतेक जण फक्त खर्च विचारतात. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत: कॉम्प्रेशन किती आले? आणि तेल टाकल्यावर किती वाढले? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, तो दाबमापक काढून दाखवतो. ज्याच्याकडे आकडा नाही, त्याला इंजिन उघडायला देण्याची घाई करू नये.