सातवें पाऊल

शनिवार-रविवार मुलांस आजी-आजोबांजवळ ठेवून पतिपत्नी माथेरानास गेलीं, कीं आमच्या सुशिक्षित समाजांत कुजबूज सुरू होते : ‘मुलांना टाकून गेलीं !’ हा आक्षेप बहुधा धर्माच्या व संस्कृतीच्या नांवानें घेतला जातो. म्हणून धर्माचाच दाखला देणें आम्हांस प्राप्त आहे. आश्वलायन गृह्यसूत्रांतील सप्तपदीचा क्रम पाहावा. पांचवें पाऊल संततीसाठीं, सातवें सख्यासाठीं. विवाह पुरा होतो तो सख्यापाशीं. मग तें सख्य राखण्यास, मोटारींस मज्जाव असलेल्या त्या डोंगरावर दोन दिवस बरोबरीनें पायीं हिंडणें हा अधर्म कसा ?

शिवाय बाप नोकरीनिमित्त महिनोन्महिने परगांवीं राहिला तर तो कर्तव्यदक्ष. आई दोन रात्री पतीसह बाहेर राहिली तर मात्र ती निष्ठुर! या आक्षेपांत मुलांचा कळवळा थोडा आणि स्त्रीच्या विश्रांतीविषयींचा मत्सरच फार.

एक अट मात्र आम्ही घालूं. आजीस आधीं विचारावें, आणि तिनें नकार दिल्यास तो मनापासून मानावा. सातवें पाऊल तिनेंहि टाकलें होतें. तिच्या वाट्यास असे दोन दिवस कधीं आले काय, हें तिच्या लेकरांनीं निघण्यापूर्वीं स्वतःस पुसावें.